तोलेदोचा चढ

गेल्या पंधरवड्यात या सदरात पडण्याची भीती आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम यांविषयी लिहिले होते. त्यावर अनेक पत्रे आली. बहुतेकांचा प्रश्न एकच होता : या वयात दूरचा प्रवास करावा की करू नये? त्याचे उत्तर देण्यापूर्वी एका दिवसाची हकिगत सांगते. तिच्यात माझी स्वतःची एक चूकही आहे, आणि ती वगळली तर हकिगतीला अर्थ उरणार नाही.

माझी भाची नोकरीनिमित्त माद्रिदला असते. सप्टेंबरच्या आरंभी आम्ही चौघे तिच्याकडे पंधरा दिवसांसाठी गेलो होतो. सांगलीत कृष्णेच्या काठाने रोज सकाळी फिरणारी ही आमची जुनी मंडळी. अक्का शहात्तर वर्षांच्या, वीस वर्षांचा मधुमेह बाळगून ताठ चालणाऱ्या. त्यांचे धाकटे बंधू भाऊसाहेब, शाळेतून निवृत्त झालेले इतिहासाचे शिक्षक. तिसऱ्या वहिनी. त्यांचे यजमान माझ्या पतीचे स्नेही, म्हणून त्या वहिनी; आता सारी आळीच त्यांना तसे म्हणते. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून वहिनी एक रात्रही घराबाहेर राहिल्या नव्हत्या. या खेपेस मुलाने आणि सुनेने अक्षरशः हट्ट धरला, मदतीला दिवसभराची बाई ठेवली, आणि वहिनी विमानात बसल्या. चौथी मी, चाळीस वर्षे दवाखाना चालवलेली डॉक्टर.

माद्रिदहून तोलेदोला आगगाडीने अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. सकाळी जाऊन संध्याकाळी परतावे असा हा प्रवास. स्थानक लहानसे पण देखणे आहे. विटांच्या कमानी, रंगीत काचा आणि लाकडी छत असलेली ही मुदेहार वळणाची इमारत १९१९ साली सुरू झाली. बाहेर आलो की समोर डोंगर, डोंगरावर गाव, आणि गावाला तीन बाजूंनी वेढणारी ताहो नदी. भाऊसाहेब क्षणभर थांबले नि म्हणाले, “हा किल्लाच आहे. नदीनं खंदक खणून दिलाय.”

स्थानकापासून गावात चालत जाता येते. परंतु चढ मोठा आहे आणि रस्ते गोट्यादगडांचे आहेत. आम्ही भाड्याची मोटार केली आणि थेट सोकोदोवेर या चौकात उतरलो. गावाच्या उत्तरेकडून वर जाण्यासाठी सरकते जिनेही बसवलेले आहेत. ज्येष्ठांनी शहाणपणाचा पहिला नियम येथेच पाळावा : चढायचे बळ पाहण्याच्या वेळेसाठी राखून ठेवावे. गावात पोहोचण्यातच ते खर्च करू नये.

सोकोदोवेर हे नाव अरबी आहे. जनावरांचा बाजार असा त्याचा मूळ अर्थ. चौकात सावलीला बसून भाऊसाहेबांनी आम्हांला इतिहास सांगितला. १०८५ साली राजा सहावा अल्फोन्सो याने हे नगर मुसलमान सत्तेकडून घेतले. त्यानंतरही अरबी, हिब्रू आणि लॅटिन जाणणारे विद्वान येथे शेजारी शेजारी राहिले आणि बाराव्या शतकात येथे भाषांतराचे अपूर्व काम झाले. इटलीतल्या क्रेमोना गावचा जेरार्ड नावाचा पंडित अरबी शिकण्यासाठी येथे आला आणि येथेच राहिला. इब्न सिनाच्या वैद्यकावरील महाग्रंथाचे लॅटिन भाषांतर त्याच्या हातून झाले. पुढे कित्येक शतके युरोपातील विद्यापीठांत वैद्यकाचे विद्यार्थी त्यावर पोसले. मी वैद्यकीची विद्यार्थिनी असताना इब्न सिनाचे नाव ऐकले होते. पण ते नाव युरोपात या चढावरून गेले, हे मला सत्तराव्या वर्षी कळले. आणखी एक गोष्ट भाऊसाहेबांनी अभिमानाने सांगितली. अकराव्या शतकात या नगराचा काझी असलेल्या साइद अल्-अंदलुसी याने जगातील राष्ट्रांच्या विद्यांवर एक ग्रंथ लिहिला, आणि विद्येची उपासना करणाऱ्या राष्ट्रांत पहिला मान हिंदुस्थानला दिला.

चौकाजवळच सांता क्रूस नावाची भव्य वास्तू आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी ती टाकून दिलेल्या आणि अनाथ मुलांचे रुग्णालय म्हणून उभी राहिली. आता तेथे संग्रहालय आहे. अक्का दारावरचे कोरीव काम बघत म्हणाल्या, “पोरक्या पोरांसाठी एवढं सुंदर दार!” मला ते वाक्य फार आवडले.

तेथून आम्ही मुख्य चर्चमध्ये गेलो. १२२६ साली त्याचा पाया घातला गेला आणि बांधकाम अडीचशेहून अधिक वर्षे चालले. आत गारवा असतो आणि बसायला जागा भरपूर असते, म्हणून उन्हाच्या वेळेसाठी हे ठिकाण उत्तम. मुख्य वेदीच्या मागे अठराव्या शतकात नार्सिसो तोमे याने एक चमत्कार घडवला आहे. त्याने छताला भोक पाडून वरून उजेड आत घेतला. त्या झोतात संगमरवरी देवदूत तरंगत असल्यासारखे दिसतात. आम्ही तेथे बराच वेळ बसलो. त्या वेळी वहिनी दोनदा उठून बाहेर गेल्या. फोन करायला गेल्या असाव्यात, एवढेच माझ्या मनात आले. मी विचारले नाही.

बाहेर आलो तेव्हा ऊन तापले होते. सांतो तोमे या चर्चकडे जाणाऱ्या अरुंद गल्लीत अक्का काठी टेकत पुढे, भाऊसाहेब त्यांच्या मागे, आणि मी वहिनींच्या बरोबर. वहिनी बोलता बोलता थांबल्या. भिंतीला हात टेकला. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. “डॉक्टर, डोळ्यांपुढं अंधारी येतेय,” एवढे म्हणून त्या खाली बसू लागल्या. मी आणि भाऊसाहेबांनी धरून त्यांना सावलीत फरशीवर आडवे केले. पाय माझ्या पिशवीवर उंच ठेवले. समोरच्या दुकानातली एक प्रौढ स्त्री न बोलावता धावत आली, हातातल्या पंख्याने वारा घालू लागली आणि मग पाण्याची बाटली घेऊन आली.

नाडी जलद होती पण नियमित. छातीत दुखत नव्हते, धाप नव्हती. मी त्यांना हसायला सांगितले, दोन्ही हात वर करायला लावले, एक वाक्य म्हणायला लावले. चेहरा, हात आणि वाचा तिन्ही ठीक होते. अक्कांच्या पिशवीतल्या यंत्रावर, नवी सुई घेऊन, रक्तातली साखर पाहिली, तीही ठीक. माझ्या लहान यंत्रावर रक्तदाब मात्र ९६/६० निघाला. एरवी त्यांचा १३०च्या आसपास असतो. यांपैकी एकही लक्षण वेगळे असते, किंवा त्यांची शुद्ध हरपली असती, तर मी तत्काळ ११२ क्रमांकावर फोन केला असता. साऱ्या युरोपात तातडीच्या मदतीसाठी हा एकच क्रमांक चालतो.

पंधरा मिनिटांनी त्या उठून बसल्या. जलसंजीवनीची पुडी पाण्यात घालून घोट घोट दिली. मग मी विचारायला हवे होते ते प्रश्न विचारले.

“सकाळपासून पाणी किती प्यालात?”

“अर्धा कप कॉफी. बाहेर कुठं जायचं म्हणून पाणी टाळलं. सारखं स्वच्छतागृह कुठं शोधत बसायचं?”

“आणि रक्तदाबाची गोळी?”

“ती घेतली की. ती कशी चुकवीन?”

त्यांच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध आहे. पाणी नाही, ऊन आहे, चढ आहे, आणि गोळी तर घेतलेली. कारण समोर होते. पण मला ते पुरेसे वाटेना. वहिनी आठ दिवस थकलेल्या दिसत होत्या, आणि मी तो प्रवासाचा शीण समजत होते.

“झोप लागते का वहिनी?”

त्या गप्प राहिल्या. अक्काच म्हणाल्या, “सांग गं तिला. नाहीतर मी सांगते.” आणि मग कळले. भारतात सकाळी साडेसात वाजता यजमानांना औषध आणि नाश्ता द्यायचा असतो. स्पेनमध्ये तेव्हा पहाटेचे चार वाजलेले असतात. आल्या दिवसापासून वहिनी रोज पहाटे चारला उठून, न्हाणीघरात दार लावून, फोनवर मुलाला समोर बसवून एकेक घोट कसा द्यायचा ते सांगत होत्या. यजमानांना गिळताना ठसका लागतो. मान किंचित खाली घालून गिळवावे लागते. “ते मलाच जमतं,” त्या म्हणाल्या. “बाकी कुणाला नाही जमत.” अक्कांना एकदा पहाटे जाग आली म्हणून समजले होते, वहिनींनी त्यांना शपथ घातली होती.

मी वहिनींच्या शेजारच्याच पलंगावर झोपत होते. रात्री श्रवणयंत्र काढून ठेवते, म्हणून मला काही ऐकू आले नाही. हे कारण खरे आहे, पण ते पुरेसे नाही. दिवसा त्यांचे डोळे मला दिसत होते. चाळीस वर्षे अनोळखी माणसांना मी पहिला प्रश्न झोपेचा विचारला. मैत्रिणीला आठ दिवसांत एकदाही विचारला नाही. रुग्णाची सेवा करणारी व्यक्ती स्वतः धडधाकट असते असे आपण गृहीत धरतो. मीही तेच केले.

परत फिरावे असे मी सुचवले. वहिनींनी मान हलवली. “सांतो तोमे इथंच आहे ना? तेवढं पाहू. मग जिथं म्हणाल तिथं बसेन.” रक्तदाब ११० पर्यंत आला होता. जवळच्या एका उपाहारगृहात आम्ही तासभर बसलो, त्यांनी थोडे खाल्ले, पुन्हा पाणी प्यायल्या, आणि मग आम्ही सावकाश गेलो.

त्या चर्चमध्ये एल ग्रेको या चित्रकाराचे सर्वांत गाजलेले चित्र आहे. एल ग्रेको मूळचा क्रीट बेटावरचा. १५४१ साली जन्मला, तोलेदोत स्थायिक झाला आणि १६१४ साली येथेच वारला. हे चित्र त्याने १५८६ ते १५८८ या काळात रंगवले. ओर्गासच्या दानशूर सरदाराला पुरताना स्वर्गातून दोन संत उतरले आणि त्यांनी आपल्या हातांनी त्याचा देह थडग्यात ठेवला, अशी या चर्चची जुनी आख्यायिका आहे. ज्या थडग्याची ही कथा, त्याच्याच वर हे चित्र आहे. वरच्या भागात स्वर्ग, खाली काळ्या वेषातील गावकऱ्यांची रांग, आणि मधोमध ते दोन संत. तरुण संताने पाय धरले आहेत. पांढऱ्या दाढीच्या वृद्ध संताने खांद्यांखाली हात घातले आहेत. डावीकडे एक लहान मुलगा आपल्याकडे पाहत त्या देहाकडे बोट दाखवतो आहे. तो चित्रकाराचा स्वतःचा मुलगा.

भाऊसाहेब स्वर्गाविषयी सांगत होते. वहिनी मात्र खालीच पाहत होत्या. बऱ्याच वेळाने त्या हळूच म्हणाल्या, “डॉक्टर, दोघं आहेत.”

“कोण?”

“उचलणारे. एक खांद्याला, एक पायाला. मी पाच वर्षं एकटी उचलते.”

त्यावर मला काही सुचले नाही. अक्कांनी त्यांचा हात धरला. आम्ही तेथील बाकावर पुष्कळ वेळ बसलो.

त्यानंतर आम्ही फार काही पाहिले नाही. सांता मारिया ला ब्लांका हे पांढऱ्या कमानींचे जुने ज्यू प्रार्थनास्थळ, ९९९ साली बांधलेली छोटी मशीद, सान मार्तिनचा पूल, सारे राहिले. भाऊसाहेबांना हळहळ वाटली असणार. त्यांनी ती बोलून दाखवली नाही. मोटार करून आम्ही नदीपलीकडच्या टेकडीवर गेलो. तेथून संपूर्ण नगर एका दृष्टिक्षेपात दिसते : खाली नदीचे वळण, वर चर्चचा मनोरा आणि अल्काझारचे चार बुरूज. तेथे एक पाऊलही चढावे लागत नाही. वहिनींनी बदामाचे माझापान सर्वांना वाटले. अक्कांनी अर्धाच तुकडा घेतला आणि तो घेतल्याचे मला सांगितलेही.

तेथूनच वहिनींनी घरी फोन लावला. दुपारचे साडेचार, सांगलीत रात्रीचे आठ. घडले ते त्यांनी मुलाला सांगितले. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आई, खरं सांगू का? पहिले दोन दिवस माझं चुकलं. आता जमतंय. पण तू सकाळी फोनवर दिसलीस की बाबा घास तोंडात तसाच धरून तुझ्याकडे बघत राहतात. ठसका तेव्हाच लागतो. संध्याकाळी मी फोन बाजूला ठेवून भरवतो, तेव्हा नीट जेवतात.”

वहिनींना ते लागले. त्यांनी फोन ठेवला आणि नदीकडे पाहत राहिल्या. परतीच्या गाडीत मात्र त्यांनी माझ्याकडे वही मागितली. अर्ध्या तासात त्यांनी यजमानांची पूर्ण दिनचर्या लिहून काढली : औषधे, वेळा, अन्न किती घट्ट हवे, मान कशी धरायची, कूस किती वेळाने बदलायची. पाच वर्षांत ही माहिती प्रथमच कागदावर उतरली होती. तिचे छायाचित्र त्यांनी मुलाला पाठवले. दुसऱ्या दिवसापासून फोन रोज दुपारी साडेचारला, असे ठरले. पहाटे चारला त्यांना पुढचे दोन दिवस जाग आलीच. तिसऱ्या दिवशी त्या साडेसातला उठल्या आणि उठल्यावर थोडे रडल्या. का, ते मी विचारले नाही. चहा करून दिला.

आता पत्रांतील प्रश्नाचे उत्तर. होय, प्रवास करावा. मात्र पुढील गोष्टी सांभाळून.

पाणी. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, म्हणून तहान लागण्याची वाट पाहू नये. स्वच्छतागृहाच्या भीतीने पाणी तोडू नये. त्याऐवजी प्रत्येक थांब्यावर आधी स्वच्छतागृह कोठे आहे ते विचारून घ्यावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पाण्याचे आणि जलसंजीवनीचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

औषधे. रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद किंवा कमी करू नयेत. उष्ण प्रदेशात जाण्यापूर्वी मात्र मात्रेविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे. सर्व औषधे, विशेषतः इन्सुलिन, हातातल्या सामानात ठेवावीत. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. कंपनीने दिलेले नाव परदेशात उपयोगी पडेलच असे नाही. स्पेनमध्ये हिरव्या क्रूसाचे चिन्ह दिसले की औषधांचे दुकान समजावे.

जेवण. स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोनच्या पुढे आणि रात्रीचे नऊच्या पुढे असते. मधुमेही व्यक्तीने खाणे आणि साखरेच्या गोळ्या सोबत ठेवल्याच पाहिजेत.

चाल. गुडघ्यांना चढापेक्षा उतार अधिक जाचतो. काठी उतारासाठी आठवणीने घ्यावी, आणि तळाला पकड असलेली पादत्राणे घालावीत. एका दिवसात दोन किंवा तीन स्थळे पुरेत.

घेरी. डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच आडवे व्हावे, पाय उंच करावेत, आणि बरे वाटल्यावरही टप्प्याटप्प्याने उठावे. छातीत दुखणे, धाप, तोंड वाकडे होणे, हातातील बळ जाणे, बोबडी वळणे किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही झाल्यास घरगुती उपाय करीत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

आणि घरी रुग्णसेवा करणाऱ्यांसाठी. आपल्या रुग्णाची दिनचर्या आजच लिहून काढा. प्रवासाच्या आदल्या दिवशी हे काम घेऊ नका. निघण्यापूर्वी दोन आठवडे आपल्या जागी येणाऱ्याला सर्व कामे स्वतःच्या हातांनी करू द्या. आपण फक्त पाहा, आणि चुकले तरी लगेच हात घालू नका. रुग्णाला उचलताना शक्यतो दोघे असावे; एकट्याने उचलण्यात आपली पाठ आणि रुग्णाचा जीव दोन्ही धोक्यात येतात. आपली स्वतःची रक्ततपासणी, डोळ्यांची तपासणी किती दिवस पुढे ढकलली आहे ते आठवून पाहा. आणि आपल्या ओळखीत असे कोणी असेल, तर त्यांच्या रुग्णाची चौकशी करून थांबू नका. त्यांना झोप लागते का, तेही विचारा.

सांगलीला परतल्यावर वहिनींच्या घरी गेले होते. यजमान खुर्चीत बसले होते, मुलगा त्यांना भरवत होता, आणि वहिनी स्वयंपाकघरात होत्या. ठसका ऐकू आला तशी त्यांची पावले दाराशी आली. त्या तिथेच थांबल्या. मुलाने वडिलांची मान जराशी खाली घातली, पाठीवर हात ठेवला, आणि पुढचा घास भरवला.